एका कार्डावर दोघी

उज्ज्वला खैरनारने ती बातमी वाचली तेव्हा ती वॉर्डातल्या टेबलाशी बसून दुपारच्या इंजेक्शनांची तयारी करत होती. सटाण्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिचं उभं आयुष्य गेलं होतं. बातमी छोटीशीच होती. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने पुसलेल्या मेमरी कार्डातून जुनी चित्रं परत मिळवली होती. नुसतं पुसलेलं कार्ड नव्हे, पुसून वर कितीदा तरी नवं भरलेलं. तिने मोबाइल पालथा ठेवला, इंजेक्शनं दिली, दोन सलाइन बदलल्या आणि ड्यूटी संपल्यावर घरी न जाता थेट नवऱ्याच्या दुकानावर गेली.

शरदचं ठिबक सिंचनाच्या पाइपांचं दुकान होतं. गिऱ्हाईक बाहेर पडेपर्यंत ती दाराशी उभी राहिली. मग म्हणाली, "केतकीचा ड्रोन तुम्ही कोणाला विकला?"

शरदने हातातली टेप सावकाश गुंडाळली. "सहा वर्षांनी हे आता कुठून काढलंस?"

"कोणाला विकला?"

"देवळ्याच्या एका पोराला. योगेश देवरे म्हणून आहे, लग्नाचं शूटिंग करतो. पण त्यात काही नाही आता. कार्ड कोरं करून दिलं होतं मी."

"कोरं कशाला केलं?"

"त्यात काय असेल ते मला बघायचं नव्हतं," शरद म्हणाला. "आणि तूही बघू नये असं वाटत होतं."

केतकीबद्दल दोघांमध्ये बोलणं इथवरच येऊन थांबायचं.

केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. ती गिधाडांवर काम करायची आणि त्यासाठी डोंगरातल्या एका गावात खोली घेऊन राहायची. बागलाणच्या डोंगरांत, कड्याच्या कपारींत गिधाडांची जी थोडी घरटी उरली होती ती मोजायची, त्यांतली अंडी-पिल्लं टिपायची. त्यासाठी तिने एक वापरलेला कॅमेऱ्याचा ड्रोन घेतला होता. माघातल्या एका सकाळी ती एकटीच कड्यावर गेली आणि दुपारी गुराख्यांना ती कड्याच्या पायथ्याशी सापडली. ड्रोन वर खडकावर होता, धडधाकट, बॅटरी मात्र संपलेली. पोलिसांनी कार्ड तपासलं. त्यात आधीच्या दिवसांची उड्डाणं होती, त्या दिवसाचं काहीच नव्हतं. पाय घसरून मृत्यू, असा शेरा मारून त्यांनी प्रकरण मिटवलं. ड्रोन दीड वर्ष पोलीस ठाण्यातच पडून राहिला आणि घरी आल्यावर आठवड्याच्या आत शरदने विकून टाकला.

आदल्या संध्याकाळी केतकीचा फोन आला होता. उज्ज्वला ड्यूटीवर होती, अपघाताची केस आली होती. केतकी म्हणाली होती, "आई, मी थोडे दिवस घरी येऊ का? मला इथं काही सुचत नाहीये." आणि उज्ज्वला म्हणाली होती, "आत्ता कुठं कामाला लागलीस, लगेच काय घरी? महिनाभर कळ काढ, मग ये." केतकी "बरं" म्हणाली होती. त्यापुढे काहीच नाही.

हे उज्ज्वलाने कोणालाच सांगितलं नव्हतं. मुलीचे फोटो तिच्याकडे ढीगभर होते. नव्हतं ते एकच उत्तर. केतकी घसरली होती, की नव्हती घसरली, हे तिला ठाऊक नव्हतं.

*

योगेशचं घर देवळ्याच्या बाहेर, डाळिंबाच्या बागेला लागून होतं. तिशीतला शांत माणूस. त्याची चार वर्षांची मुलगी ओवी ओट्यावर बसून खडूने फरशीवर मासे काढत होती. उज्ज्वलाने आपण कोण ते सांगितलं, मुलीचं सांगितलं, पुण्याच्या प्रयोगशाळेचं सांगितलं. फोनवरचं तेवढं सांगितलं नाही.

योगेश उठून आत गेला आणि कपाटातून ड्रोन घेऊन आला. एका पंखाला चिकटपट्टी होती. "घेऊन जा मावशी. आता कोणी मागत नाही असला. नव्या ड्रोनना चार्जिंगचं भोकच नसतं, नुसते पाटावर ठेवायचे. याचा पोर्ट कधीच गेलाय, मी बॅटऱ्या काढून बाहेर चार्ज करायचो. कार्ड मात्र तेच आहे. पहिल्यापासूनचं."

"पुण्याला फोन केला होता. काही शोधायचं असेल तर पोर्टही लागेल म्हणे," उज्ज्वला म्हणाली.

"मग मालेगावला बघा. जुन्या मालाचं तिथं मिळतं काही."

चहा झाला. भिंतीवरच्या फोटोत एक तरुण मुलगी होती, भुवया किंचित उंचावून बघणारी. उज्ज्वलाची नजर तिकडे गेलेली बघून योगेश म्हणाला, "मयूरी. डेंग्यूने गेली. ओवी चार महिन्यांची होती." मग ड्रोनकडे बघतच म्हणाला, "या कार्डावर तिचं शूटिंग होतं एकदा. ओवी पोटात असतानाचं, इथं बागेतलं. तिला कॅमेरा आवडायचा नाही. लग्नातसुद्धा फोटोपुरती उभी राहिली, व्हिडिओ म्हटलं की पळायची. तेवढं एकच करू दिलं. आज काढून ठेवू, उद्या काढून ठेवू म्हणत राहिलो. मग बाळंतपण, मग तिचं आजारपण, ड्रोन कपाटातच पडून. ती गेल्यावर पहिल्यांदा एका लग्नाच्या शूटिंगला निघालो तेव्हा सवयीने कार्ड कोरं केलं. मांडवात पोहोचल्यावर लक्षात आलं."

उज्ज्वलाने ड्रोन उचलून मांडीवर घेतला.

"तुमचं शोधताना ते दिसलं तर बघा," योगेश म्हणाला. "ओवी विचारते, आई चालायची कशी म्हणून."

*

मालेगावात पोर्ट मिळायला दोन आठवडे लागले. अन्सारी नावाचे वयस्कर दुरुस्तीवाले होते. त्यांनी ड्रोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बेटी, हा माल बंद होऊन जमाना झाला." तरी त्यांनी नंबर घेऊन ठेवला. पावसात भिजून मेलेला त्याच जातीचा एक ड्रोन भंगारात आला तेव्हा त्याचा पोर्ट काढून, भिंगाखाली बसून त्यांनी तो या ड्रोनला जोडून दिला. वायर घातल्यावर ड्रोनच्या पाठीवरचा हिरवा दिवा लागला. अन्सारीचाचांनी विचारलं, "शादीचं शूटिंग आहे का यात?" उज्ज्वला नुसतं "हो" म्हणाली.

*

पुण्याच्या प्रयोगशाळेत डॉ. निरजा पेठे होत्या. उज्ज्वलापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी आधी तिला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं.

"कार्डात माहिती म्हणजे विजेचे कण असतात, इलेक्ट्रॉन. अगदी सूक्ष्म कप्प्यांत ते कोंडलेले असतात. कोणता कप्पा भरलेला आणि कोणता रिकामा, यातून चित्र तयार होतं. कार्ड पुसलं की कप्पे रिकामे होतात. पण कप्पा भरलेला असताना थोडे कण त्याच्या भिंतीत मुरतात. टाकीतलं पाणी उपसलं तरी भिंतीत ओल राहते ना, तसं. आणि पाणी किती दिवस साठून होतं, त्यावर ओल किती आत गेली ते ठरतं. तुमच्या मुलीचं रेकॉर्डिंग दीड वर्ष न हलता राहिलंय. ते खोल गेलेलं असणार."

"पण पोलिसांना त्यात काहीच दिसलं नव्हतं."

"रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली की शेवटची फाइल बंद होत नाही. साध्या कॉम्प्युटरला ती दिसतच नाही. तेव्हाच कोणी नीट पाहिलं असतं तर सहज मिळाली असती."

उज्ज्वलाने मान खाली घातली. निरजा म्हणाल्या, "या ड्रोनचं कार्ड कुलूपबंद असतं आणि किल्ली ड्रोनच्या आतल्या चिपमध्ये. म्हणून पोर्ट लागला. ड्रोन चालू ठेवून त्याच पोर्टमधून आमचं यंत्र जोडायचं. आधी वरवर चाचपणी करतो, आत किती थर आहेत ते कळतं. मग खरं वाचन. त्यात कार्ड तापवावं लागतं, म्हणजे मुरलेले कण सुटतात आणि सुटताना यंत्र ते टिपतं. हे एकदाच करता येतं. आणि जे मिळणार नाही ते आम्ही अंदाजाने भरत नाही, तिथं करडा चौकोन राहतो. लोकांना राग येतो त्याचा. पण आम्ही तोंड बनवायला लागलो तर बघण्याला अर्थ काय?"

चाचपणीला सकाळ गेली. दुपारी निरजांनी तिला आत बोलावलं. पडद्यावर दोन धूसर चित्रं होती, निम्म्याहून जास्त करडी.

"वाचण्यासारखे दोन थर आहेत," निरजा म्हणाल्या. "बाकी सगळं एकमेकांत मिसळलंय. खोलवरचा हा. कडा दिसतोय, तारीखही तुम्ही सांगितलेलीच. आणि हा त्याच्या वरचा."

वरच्या चित्रात डाळिंबाची झाडं होती. एक पिवळी साडी, कपाळावर आडवा धरलेला एक हात. तोंडाच्या जागी करडं. तरी उज्ज्वलाने ओळखलं.

"दोन्ही मिळतील?"

"नाही. प्रत्येक थराचं तापमान वेगळं असतं. एका थरासाठी तापवलं की दुसऱ्याचे कण हलून जातात, त्याचा काला होतो. एकच मिळेल. आणि जोडल्यापासून ओल सुकायला लागलीये, फार वेळ नाही आपल्याकडे." निरजांनी कागद पाहिला. "कार्डाचे मालक देवरे म्हणून आहेत ना? हा दुसरा थर त्यांचा असेल. विचारायचं का त्यांना?"

योगेशने मागेच फोनवरून संमती दिली होती. मावशी सांगतील तसं करा, असं तो म्हणाला होता.

उज्ज्वलाने पर्समधून मोबाइल काढला. योगेशचं नाव पडद्यावर आणलं. बाहेरच्या गुलमोहरावर कोणीतरी फांद्या तोडत होतं, त्याचा आवाज येत होता. ती त्या नावाकडे बघत राहिली. फोन लावला तर तो काय म्हणेल ते तिला चांगलं माहीत होतं, आणि त्याने ते म्हटल्यावर आपल्याला नाही म्हणता येणार नाही हेही माहीत होतं. त्याच्याकडे लहान पोर होतं. त्याचं मागणं साधं होतं, सरळ होतं. कोणालाही विचारलं असतं तरी त्याने योगेशच्याच बाजूने कौल दिला असता. तिला एवढं कळत होतं. आणि तरी गेली सहा वर्षं रोज सकाळी डोळे उघडताना तोच एक प्रश्न उशाशी बसलेला असायचा.

तिने मोबाइल परत पर्समध्ये ठेवला.

"त्यांनी माझ्यावर सोडलंय," ती म्हणाली. "खालचा वाचा."

*

पडद्यावर आधी केतकीचे गुडघे आले. मग ती वाकली आणि तिचं तोंड आलं, अख्खं पडदाभर, कपाळाचा एक कोपरा करडा. पंखांच्या वाऱ्याने केस उडत होते. ती काहीतरी चघळत होती. ओठ हलले, कॅमेऱ्याला उद्देशून ती काहीतरी बोलली. ड्रोनमध्ये आवाजाची सोय नसते हे उज्ज्वलाला माहीत होतं, तरी तिने कान पुढे केला.

मग जमीन खाली जाऊ लागली. केतकीची टोपी दिसली, तिची सावली दिसली, मग दोन्हींचा मिळून एक ठिपका झाला आणि तो चौकटीबाहेर गेला. कडा आला. कपारीतलं काटक्यांचं घरटं आलं. त्यात एकच पिल्लू होतं, पांढऱ्या लवीचं, बेढब मानेचं. ड्रोन बराच वेळ त्याच्यासमोर होता. हळूहळू, जरा जरा करत तो जवळ जात होता. पिल्लाने मान वळवून चोच उघडली.

आणि चित्र जागच्या जागी थांबलं. पिल्लू तसंच चोच उघडून. ड्रोन पुढेही गेला नाही, मागेही नाही. मग तो आपणहून वर चढला, वळला आणि मागे फिरला.

"हे काय झालं?"

"रिमोटशी संपर्क तुटला," निरजा म्हणाल्या. "तसं झालं की ड्रोन जिथून उडाला तिथं आपोआप परत येतो."

खाली खडक मोठा होत आला. तिथे पिशवी होती, पाण्याची बाटली होती, एक काठी टेकवून ठेवलेली होती. माणूस नव्हतं. ड्रोन सावकाश खाली बसला. चित्र कलंडलं आणि वाळकं गवत, थोडं आभाळ, एवढंच राहिलं. गवत हलत होतं. ते तसंच बराच वेळ चाललं आणि मग पडदा काळा झाला.

उज्ज्वलाने विचारलं, "ती पडली तेव्हा कॅमेरा..."

"पिल्लाकडे होता."

"म्हणजे कळणार नाही."

निरजांनी चित्र मागे नेलं, पिल्लापाशी थांबवलं. "मला एवढंच सांगता येतं. संपर्क तुटेपर्यंत ड्रोन पुढे सरकत होता. तो आपोआप सरकत नाही. तिची बोटं रिमोटवर होती. ती पिल्लू नीट दिसावं म्हणून ड्रोन जवळ नेत होती, अगदी त्या क्षणापर्यंत."

उज्ज्वला त्या पिल्लाकडे बघत राहिली. आपली मुलगी मरताना याच्याकडे बघत होती. तिला त्याचा रागही आला नाही. रिमोटच्या पडद्यावर नजर लावून, मागे काय आहे ते न बघता एक पाऊल टाकलेली केतकी तिला दिसली, आणि ती पहिल्यांदाच तशी दिसली. तिने टेबलाची कड धरली आणि रडायला लागली. निरजा पाणी आणायला गेल्या आणि मुद्दामच उशिरा परत आल्या.

*

घरी आल्यावर तिने शरदला दाखवलं. त्याने उभ्यानेच बघितलं. पिल्लापाशी आल्यावर तिने त्याला बोटांचं सांगितलं. मग ते आदल्या संध्याकाळच्या फोनचंही सांगितलं, सगळं, स्वतःच्या शब्दांसकट.

शरद खुर्चीवर बसला. "मला आधी केला होता तिने फोन," तो म्हणाला. "दुकानात गर्दी होती. मी म्हटलं, आईला विचार."

सहा वर्षं एकाच घरात दोघांनी ते आपापलं धरून ठेवलं होतं. तिला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. तिने ठेवला. पण मनात दुसरंच चाललं होतं.

*

देवळ्याला ती रविवारी गेली. ड्रोन आणि कार्ड तिने ओट्यावर ठेवलं. वाटेत बसमध्ये तिने ठरवून टाकलं होतं की तुझं काही मिळालं नाही असं सांगायचं. ते सोपं होतं, कोणाला कळलंही नसतं. योगेश बागेतून हात पुसत आला आणि म्हणाला, "सापडली का मुलगी, मावशी?"

"सापडली."

"बरं झालं." तो मनापासून म्हणाला. आणि त्याच्या त्या बोलण्यानेच तिचा सगळा बेत ढासळला.

"मयूरीचंही होतं," ती म्हणाली. "पिवळी साडी, या बागेत. दोन्हींतलं एकच वाचता येणार होतं. मी माझं वाचायला सांगितलं. तुझं आता गेलं. कायमचं."

योगेश ओट्याच्या कडेवर बसला. हातातलं फडकं तो चोळत राहिला. मग म्हणाला, "फोन लागला नाही का?"

"लावला नाही."

"मी नाही म्हणालो असतो म्हणून?"

"हो."

"मी नाहीच म्हणालो असतो," तो म्हणाला.

उज्ज्वलाने क्षमा मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं. चाचपणीत दिसलेलं ते एक धूसर चित्र निरजांनी तिला दिलं होतं. तेवढं तिने योगेशच्या मोबाइलवर पाठवलं. योगेशने ते उघडलं आणि दोन बोटांनी मोठं केलं. खडूने भरलेले हात फ्रॉकला पुसत ओवी आली आणि बापाच्या खांद्यावरून वाकून बघू लागली.

"ही कोण?"

"आई."

"तोंड कुठंय?"

योगेशने त्या करड्या चौकोनांवर बोट ठेवलं. "इथं. इथं तिचं नाक. इथं भुवई, अशी वर केलेली."

"ती काय करतीये?"

"ऊन लागतंय ना, म्हणून हात धरलाय. मी ड्रोन कुठं नेला ते शोधतेय."

"मग?"

"मग तिला दिसला. मग ती हसली. मग मी ड्रोन खाली आणला तशी पदर सावरत त्या झाडामागं गेली. चालताना एक हात कमरेवर असायचा तिचा, तू पोटात होतीस ना."

"कुठल्या झाडामागं?"

"त्या." त्याने बागेकडे बोट दाखवलं.

"मग?"

योगेश बागेकडे बघत राहिला. उज्ज्वला ओट्याखाली उभी होती. तिला निघायचं होतं, पण ती तिथंच थांबली.

"मग काय केलं आईने?" ओवीने पुन्हा विचारलं.

"पुढचं मला आठवत नाही गं," योगेश म्हणाला.